रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर अर्थशास्त्रज्ञच हवा का? चिंतामणराव देशमुखांचं उदाहरण काय सांगतं?

नागपूरच्या संविधान चौकाला आजही अनेक जण रिझर्व्ह बँक चौकच म्हणतात. तिथून विधानभवन हाकेच्या अंतरावर आहे. हिवाळी अधिवेशनात तिथे पुरवणी मागण्या मंजूर होतात, म्हणजे सरकारचा खर्च वाढतो. शेजारची इमारत ज्या बँकेची, तिचं काम रुपयाची किंमत टिकवण्याचं. या दोन कामांमध्ये ताण असणारच. म्हणूनच बँकेच्या प्रमुखपदी कोण बसतं, याची चर्चा होते.

वाद नेमका काय?

डिसेंबर २०२४ मध्ये संजय मल्होत्रा गव्हर्नर झाले. त्याआधी ते केंद्रीय महसूल सचिव होते. त्यांच्या आधीचे शक्तिकांत दासही सनदी अधिकारीच. त्याआधीचे रघुराम राजन आणि ऊर्जित पटेल मात्र अर्थशास्त्रज्ञ. अर्थ खात्यातून आलेला माणूस सरकारला 'नाही' म्हणू शकेल का, हा टीकाकारांचा प्रश्न असतो.

देशमुखांचा नागपूरशी संबंध कसा?

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली आजच्या रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचा. केंब्रिजमध्ये ते नैसर्गिक विज्ञान शिकले, अर्थशास्त्र नव्हे. आयसीएस परीक्षेत पहिले आल्यावर त्यांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. या प्रांताची राजधानी नागपूर. प्रांताचे अर्थसचिव म्हणून सरकारी जमाखर्च त्यांनी प्रत्यक्ष हाताळला. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४३ मध्ये गव्हर्नर झाले आणि १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला असा माणूस विरळाच.

मग अडचण कुठे आली?

ते अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५५ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँकेत एक समझोता झाला. सरकारच्या खात्यातली शिल्लक ५० कोटी रुपयांच्या खाली गेली, की बँक आपोआप तूट भरून काढणार आणि बदल्यात सरकारकडून अल्प मुदतीची 'ॲड हॉक ट्रेझरी बिलं' घेणार. किराणा दुकानातल्या उधारीच्या खात्यासारखी ही सोय होती. फरक इतकाच, की इथला दुकानदार नोटा छापू शकत होता.

तात्पुरती म्हणून केलेली ही सोय पुढे नेहमीची झाली. तूट भरण्यासाठी नवा पैसा बाजारात आला आणि त्यासोबत वस्तू वाढल्या नाहीत, तर महागाई वाढते. तिची झळ सर्वाधिक बसते ती रोजंदारीवर आणि बचतीवर जगणाऱ्यांना.

ही सोय कधी बंद झाली?

१९९४ मध्ये मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला. एप्रिल १९९७ पासून तिच्या जागी मर्यादा आणि व्याज असलेली उचल आली. २००६ पासून सरकारचे नवे रोखे थेट विकत घेण्यावरही कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आली.

आज याचं महत्त्व काय?

२०२४-२५ या वर्षासाठी रिझर्व्ह बँकेने केंद्राला २,६८,५९० कोटी रुपये वरकड रक्कम दिली. ही तोपर्यंतची सर्वाधिक रक्कम. किती द्यायचं आणि किती राखून ठेवायचं, हे बिमल जालान समितीच्या २०१९ च्या शिफारशींवर उभ्या असलेल्या चौकटीतून ठरतं. त्या वर्षी बँकेने ताळेबंदाच्या ७.५ टक्के रक्कम संकटासाठी बाजूला ठेवली.

त्यामुळे नव्या गव्हर्नरची पदवी पाहण्याइतकंच ही चौकट शाबूत आहे का, हे पाहणं गरजेचं आहे. देशमुखांइतका जाणकार माणूस अर्थमंत्री असतानाही उधारीचं खातं उघडलं गेलं आणि ते बंद व्हायला ४२ वर्षं लागली.