विश्लेषण : फॅमिली डॉक्टर घडवताना रुग्णालयातील पोस्टिंगचा उपयोग कसा व्हावा?

शहादा : सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतला आजारी माणूस आधी जवळच्या दवाखान्यात जातो, मग शहाद्याच्या सरकारी रुग्णालयात. तिथे भागले नाही तर नंदुरबार, धुळे, नाहीतर थेट सुरत. या वाटेवरचा पहिला डॉक्टर रुग्णाला वेळेत पुढे पाठवतो की नाही, यावर बरेच काही ठरते. हा निर्णय घ्यायला डॉक्टर शिकतो ते रुग्णालयातील पोस्टिंगमध्ये. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून हा विषय जिल्ह्याच्या आणखी जवळ आला आहे.

नियम काय सांगतात?

एमबीबीएसनंतरच्या एक वर्षाच्या आंतरवासितेचे वेळापत्रक राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये नव्याने ठरवले. त्यात सामुदायिक वैद्यकशास्त्राला १२ आठवडे, स्त्रीरोग-प्रसूतीला ७, मेडिसिन व सर्जरीला प्रत्येकी ६, तर बालरोगाला ३ आठवडे आहेत. पुढे फॅमिली मेडिसिनमध्येच शिकायचे असेल, तर तीन वर्षांचा डीएनबी आणि २०२० मध्ये जाहीर झालेला दोन वर्षांचा डिप्लोमा असे पर्याय आहेत. या अभ्यासक्रमांतही विद्यार्थी वेगवेगळ्या विभागांत फिरतो. याशिवाय एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे.

मग अडचण कुठे आहे?

वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर वॉर्डाला हवे ते काम करतो. रक्त काढणे, रिपोर्ट आणणे, केस पेपर भरणे यातच दिवस जातो. शिवाय वॉर्डात पोहोचलेल्या रुग्णाचे निदान बहुतेक वेळा झालेले असते. फॅमिली डॉक्टरसमोर रुग्ण येतो तो त्याच्या कितीतरी आधी. अपेंडिक्सचे ऑपरेशन त्याला स्वतः करायचे नसते. पोटदुखीच्या दहा रुग्णांतला अपेंडिक्सचा कोणता, हे त्याला पहिल्या काही तासांत ओळखायचे असते. त्यामुळे त्याच्यासाठी ऑपरेशन थिएटरपेक्षा ओपीडी आणि अपघात विभागातले तास अधिक मोलाचे ठरतात.

शहाद्यासारख्या भागात काय शिकता येते?

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. सिकलसेल इथे पुस्तकापुरता उरत नाही. या मुलांची प्लीहा नीट काम करत नसल्याने संसर्ग झपाट्याने वाढू शकतो. म्हणून सिकलसेलच्या मुलाचा ताप ‘साधा ताप’ समजून गोळी देऊन घरी पाठवणे धोक्याचे असते. हे बालरोग विभागात एकदा नीट पाहिलेला डॉक्टर पुढे विसरत नाही.

सर्पदंशाचेही तसेच. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही, तर विषाचा रक्तावर परिणाम झाला असे समजायचे. ही चाचणी छोट्या रुग्णालयातही होते. मात्र नाग किंवा मण्यारीच्या दंशात रक्त गोठूनही धोका असतो. तेव्हा पापण्या जड होणे, गिळायला त्रास होणे ही लक्षणे पाहायची असतात.

कुपोषित बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण मानतात. टेप लावणे सोपे असते. आईला मुलासह पोषण पुनर्वसन केंद्रात राहायला तयार करणे अवघड. घरची इतर मुले आणि बुडणारी मजुरी यांचा विचार तिला आधी करावा लागतो. भिली, पावरी, अहिराणीतले चार शब्द येत असतील, तर ही माहिती लवकर कळते.

विद्यार्थ्याने काय करावे?

• पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांना सांगावे : मला पुढे फॅमिली डॉक्टर व्हायचे आहे, ओपीडीत बसू द्या.

• प्रत्येक विभागात एकच प्रश्न धरून ठेवावा : हा रुग्ण माझ्या दवाखान्यात आला असता तर काय दिसले असते आणि मी कधी पाठवले असते?

• रेफर होऊन आलेल्या रुग्णाची चिठ्ठी वाचावी. काय लिहायला हवे होते, हे तिथेच कळते.

• डिस्चार्ज कार्डवरची औषधे रुग्णाच्या गावी मिळतील का, हे विचारावे.

• आठवड्यातून काही तास प्रयोगशाळा, औषध विभाग आणि आशा सेविकांसोबत घालवावेत.

जबाबदारी फक्त विद्यार्थ्याची का?

नाही. जिथे डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात, तिथे शिकाऊ डॉक्टर म्हणजे आयते मनुष्यबळ ठरतो. त्याच्या हातून काम होते, पण चुकले कुठे हे सांगणारे कोणी नसते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देण्याचा उल्लेख आहे. ती चालना प्रत्यक्षात यायची, तर प्रत्येक पोस्टिंगला ठरलेला मार्गदर्शक हवा आणि लॉगबुकवर नुसत्या सहीऐवजी आठवड्याला अर्धा तास चर्चा हवी. याला मोठा निधी लागत नाही. वरिष्ठांचा वेळ मात्र लागतो, आणि तो ड्युटीच्या तक्त्यात धरला गेला नाही तर पोस्टिंग हजेरीपुरतीच राहील.