भावातल्या दुजाभावाविरुद्ध कायदा हवा



किराणा दुकानांच्या अडचणींचा विषय निघाला की ‘ग्राहकाला स्वस्त मिळतंय ना, मग तक्रार कशाची?’ असे विचारले जाते. दुकानदाराने स्पर्धेला तोंड द्यावे, हे मलाही मान्य आहे. पण एखादे ॲप ज्या दराने साबण ग्राहकाला विकते, त्याच दराने तो दुकानदाराला वितरकाकडून घ्यावा लागत असेल, तर दुकानदाराने कितीही कष्ट केले तरी तो टिकणार कसा?

हे गाऱ्हाणे नवे नाही. 2021 च्या अखेरीस महाराष्ट्रातील वितरकांनी हिंदुस्थान युनिलिव्हर आणि कोलगेटची काही उत्पादने न उचलण्याचा इशारा दिला होता. आपल्याकडून माल घेणाऱ्या दुकानदाराला 8 ते 12 टक्के मार्जिन सुटते, बड्या घाऊक कंपन्या मात्र 15 ते 20 टक्के देऊ शकतात, असे त्यांच्या संघटनेचे म्हणणे होते. 2024 मध्ये हीच संघटना ब्लिंकिट, झेप्टो व इन्स्टामार्ट या ॲपविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे गेली.

खरी मेख कायद्यातच आहे. स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 4 नुसार भेदभावाची किंवा प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी तोट्यात लावलेली किंमत गैर ठरते, पण ती लावणाऱ्या कंपनीचे बाजारावर वर्चस्व असेल तरच. 2017 मध्ये जिओविरुद्धची एअरटेलची तक्रार आयोगाने फेटाळली, कारण जिओचे तेव्हा वर्चस्व नव्हते. तीन-चार ॲपनी बाजार वाटून घेतला, तर एकट्याचे वर्चस्व सिद्धच होत नाही. ते सिद्ध होईपर्यंत गल्लीतल्या दुकानाचे शटर कायमचे खाली आलेले असेल.

अमेरिकेने ए अँड पीसारख्या किराणा साखळ्यांच्या दांडगाईनंतर 1936 मध्येच रॉबिन्सन-पॅटमन कायदा केला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन खरेदीदारांना एकच माल वेगळ्या भावाने विकून स्पर्धेला बाधा आणू नये, हे त्याचे सूत्र. मोठ्या खरेदीमुळे खर्च खरोखर वाचत असेल, तर तेवढी सवलत चालते. विक्रेत्याचे वर्चस्व सिद्ध करण्याची अट नाही. तो कायदा अनेक दशके जवळपास निजून होता. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने पेप्सिकोविरुद्ध त्याखाली दावा केला आणि मे महिन्यात तिनेच तो दावा मागे घेतला. म्हणून आपल्याकडे नुसते कलम घालून भागणार नाही, आयोगाने ते वापरलेही पाहिजे.

समान भावाने महागाई वाढेल, असे म्हणणाऱ्यांनी ॲप न पोहोचणाऱ्या गावांकडे पाहावे. तिथला मजूर आठवड्याच्या उधारीवर छापील किमतीने तेल-साबण घेतो. ॲपवरच्या सवलतीतला एक पैसाही त्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्या दुकानदाराला माल रास्त भावाने मिळाला, तरच त्याला काही सूट मिळण्याची आशा.

भावातील भेदभावासाठी वर्चस्वाची अट काढावी. मोठ्या उत्पादकांनी ॲप, मॉल आणि वितरक यांना दिलेले दर व स्कीम दरवर्षी आयोगाकडे नोंदवाव्यात, आणि फरक असेल तिथे वाहतूक वा साठवणुकीत नेमकी किती बचत झाली, हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी.

– एक वाचक, कराड