घरात बसा म्हणतात, पण कोणत्या घरात?

होळी झाली की पंचायतीच्या भिंतीवर कागद लागतो. उष्णतेची लाट आहे, बारा ते चार बाहेर पडू नका, घरातच थांबा, तहान नसली तरी पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. कागदातले एकही वाक्य खोटे नाही. आम्ही स्वतः तो पाड्यापाड्यावर वाचून दाखवतो. पण वाचला की म्हातारी माणसं हसतात. एका आजीने सरळ विचारले, "घरात बसा सांगता रे पोरांनो, आंब्याखाली बसलं तं नाय चालत?" तिचं घर दोन वर्षांपूर्वी पत्र्याचं झालं आहे.

आजीचं बरोबर आहे. दुपारी पत्रा हाताला धरवत नाही, आणि तोच आपण डोक्यावर घेऊन बसतो. पत्रा पातळ, ऊन अडवायला त्याच्यात काहीच नाही. तापला की खाली घरात उष्णता फेकतो. खोलीला बहुतेक ठिकाणी एक दार, एक खिडकी, वरची गरम हवा जायला वाट नाही. रात्री पत्रा लवकर निवतो खरा, पण सिमेंटच्या भिंती दिवसभर प्यालेली उष्णता पहाटेपर्यंत सोडत राहतात. म्हणून माणसं अंगणात झोपतात. अंगणात झोपलं की विंचू आहे, साप आहे. बाळंतीण आणि तान्हं मूल तर आतच राहतं. वीटभट्टीवरून सहा महिने राबून आलेलं माणूस घरी येऊन परत भट्टीतच बसतं, असं आपल्यातच बोललं जातं. ते आता गमतीने बोलत नाहीत.

आधीचं घर कसं होतं ते आपल्याला शिकवायला नको, पण लिहून ठेवायला हवं. कारवीचा कूड, त्याला आतून-बाहेरून शेण-मातीचा लेप. वर गवत किंवा पेंढा, खाली सागाची पानं. गवताच्या थरात काडीकाडीच्या मधे हवा अडकून राहते, म्हणून ऊन वरच राहतं, आत उतरत नाही. छप्पर खाली ओढलेलं असतं, वाकून आत जावं लागतं, त्यामुळे भिंतीला ऊन लागतच नाही. कुडाच्या फटीतून वारा येतो आणि भिंत व छप्पर यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून चुलीचा धूर आणि गरम हवा दोन्ही निघून जातात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाण्याचे चार शिंतोडे मारले की ते सुकताना गारवा देतात. माठातलं पाणी याच कारणाने थंड होतं. बाहेरून बघणारे या घराला अंधारं म्हणतात. उन्हाळ्यात अंधार म्हणजेच सावली, हे त्यांना कोण सांगणार?

आम्ही कुडाच्या घराची पूजा करत नाही. ते पेट घेतं. दोन-तीन पावसाळ्यात छप्पर नव्याने शाकारावं लागतं. वाळवी लागते. पावसात गळतं, मग जागोजाग भांडी मांडून रात्र काढायची. शाकारायला गवत कापायचं तेव्हा अर्धा पाडा कामाला बाहेर गेलेला असतो. पत्रा एकदा टाकला की सुटलो असं माणसाला वाटतं आणि ते चुकीचं नाही. तरुण पोरांना तर कुडाच्या घराची लाजच वाटायला लागली आहे, सोयरीक जुळवायला आलेली माणसं आधी छप्पर बघतात. हे सगळं मान्य. पण नुसत्या हौसेने आपण पत्र्यात गेलो असं जे कोणी म्हणतं, ते अर्धंच सांगतं.

उरलेली अर्धी गोष्ट जंगलाची आहे. 1927 च्या वन कायद्याने राखीव जंगलातून परवानगीशिवाय काहीही काढणे हा गुन्हा केला. घराचा खांब, वासा, बांबू, कारवीचा भारा, सगळं त्यात आलं. बाप-आजा जिथून कारवी आणत होता तिथूनच आणली की आपण चोर. डोक्यावरचा भारा खाली टाकायला लावला, कोयता ठेवून घेतला, पावती फाडली, कधी पावतीही नाही. कुठल्या पाड्यावर हे घडलं नाही? भिंत बांधायची तर रात्री चोरून जायचं, त्यापेक्षा कर्ज काढून पत्रा आणलेला बरा, असा हिशोब माणसाने केला. त्यात घरकुल आलं. गावात येणारा ठेकेदार किंवा त्याचा माणूस सांगतो, नमुना असाच आहे, पत्रा आणि सिमेंटच पाहिजे. इंदिरा आवास योजना 2016 पर्यंत होती, तिच्या नियमात मात्र घराचा एकच नमुना लादायचा नाही असं लिहिलेलं होतं. जोत्याचे क्षेत्र 20 चौरस मीटरपेक्षा कमी नको, एवढी अट होती. ठेकेदार लावायचाच नाही, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, हेही त्यातच होतं. ज्यांचे घरकुल मंजूर झाले आहे त्यांनी आताचे नियम काय आहेत हे ग्रामसेवकाला विचारावे. छप्पर उंच ठेवा, भिंतीच्या वर झरोके सोडा, पुढे पडवी काढा, पत्र्याऐवजी कौल परवडत असेल तर कौल घाला. कौलाच्या सांध्यातून हवा खेळते.

आता पाणी. भरपूर पाणी प्या असा सल्ला आहे. एप्रिल-मे महिन्यात जव्हार-मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावं लागतं. ते भरायला बाई जाते, नाहीतर शाळेतली मुलगी. घरातल्या सगळ्यांनी बारा ते चार सावलीत राहावं म्हणून एक जण उन्हात चालत असते. पत्र्यावर पाणी मारा, चादर ओली करून टांगा, असंही सांगतात. सांगणाऱ्याच्या घरी नळ आहे. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि भातसा यांचं पाणी आपल्या डोंगरातून निघून मुंबईला जातं, आणि त्याच डोंगरातला पाडा टँकरची वाट बघतो. यावर आणखी लिहायची गरज नाही.

तरी हा उन्हाळा काढायचा आहेच. म्हणून जे पाड्यांवर करून पाहिलेलं आहे ते सांगतो. घरासमोर मांडव घाला, लग्नाचाच कशाला पाहिजे, चार मेढी आणि वर टहाळे. दाराच्या आणि खिडकीच्या पुढे सावली पडली की खोलीत फरक पडतो. पत्र्यावर चुना कालवून दोन हात द्या. पांढऱ्यावर ऊन टिकत नाही, बरंच परतून जातं. पहिल्या पावसात चुना धुऊन जाईल, जाऊ दे. काही जणांनी पत्र्यावर ताडाची पानं आणि पेंढा पसरला आहे. त्याने चांगलं गार राहतं, पण चूल त्याच छपराखाली असेल तर ठिणगीची भीती आहे, चूल मांडवापलीकडे हलवा. एरवीही स्वयंपाक सकाळी उजाडायच्या आत बाहेरच उरकला तर खोली तेवढी कमी तापेल. नागलीची आंबील, मीठ घालून पेज, हे आपलं जुनंच आहे आणि दवाखान्यातल्या पुडीच्या पाण्यासारखंच ते कामाला येतं. मोहाची फुलं वेचायला आपण पहाटे जातो तशीच रानातली बाकीची कामंही पहाटे ओढून घ्या. राबाचं काम भर दुपारी करू नका.

आणि पाड्यावर अजून ज्यांची कुडाची घरं उभी आहेत, त्यांच्याकडे दुपारपुरती म्हातारी माणसं, गरोदर बाया, तान्ही मुलं जाऊन बसू देत. एका पाड्यावर असं ठरवूनच केलं आहे. कोणाला ऊन बाधलं, अंग तापून निघालं, माणूस भलतंच बडबडायला लागलं किंवा झोकांड्या खायला लागलं, तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि आरोग्य केंद्राची गाडी नाहीतर कोणाचीही गाडी बघा. भगताला बोलवायचं तर बोलवा, पण आधी पाणी ओता. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनळीत जातं.

एवढं करूनही मूळ दुखणं तसंच राहतं, कारण गार घराचं सामान जंगलात आहे आणि जंगलावर आपला हक्क अजून कागदावर आलेला नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात तो हक्क आहे. आतापर्यंत आपण सगळं बळ प्लॉटच्या दाव्यावर लावलं. ते लावायलाच हवं होतं, जमीन गेली तर घर कुठे बांधणार. पण त्याच कायद्यात कलम 3 मध्ये सामूहिक हक्क आहेत. निस्तार हा शब्द आपल्याकडचा नाही, म्हणून अर्जातला तो रकाना बऱ्याच गावांनी मोकळा सोडला आहे. निस्तार म्हणजे घर, चूल, शेती आणि गुरं यांच्या गरजेसाठी जंगलातून आणायच्या वस्तू. कायद्यातच म्हटलं आहे की त्याला कोणत्याही नावाने ओळखत असले तरी चालेल. बांबू हे गौण वनोपज आहे असं कायद्यात स्पष्ट आहे, झुडपी लाकूडही त्यात आहे. कारवी त्यात येते असं आमचं म्हणणं आहे. इमारती लाकूड मात्र गौण वनोपजात धरत नाहीत, म्हणून खांब आणि वासे निस्तारातच लिहायला पाहिजेत. मोकळा रकाना म्हणजे उद्या गार्ड सांगणार, तुम्ही मागितलंच नव्हतं.

पाण्यासाठीही कलम आहे. जंगलजमिनीवर पिण्याच्या पाण्याची सोय, पाइपलाइन, लहान तळं, पाणी साठवण यासाठी ग्रामसभेने शिफारस केली तर जमीन देता येते. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, एवढीच मर्यादा. विहीर जंगलात येते म्हणून होत नाही, असं उत्तर ज्या पाड्यांना मिळालं आहे त्यांनी हे कलम 3 (2) ग्रामसभेत वाचून ठराव करावा.

शेवटी एक गोष्ट, आणि ती घाईची आहे. घरकुल मंजूर झालं की आपण पहिल्यांदा जुनं घर मोडतो. थांबा. वनहक्काच्या नियमात दाव्याचा पुरावा म्हणून घर, झोपडी, बांध, सपाटीकरण हे सगळं धरलेलं आहे. जुनं कुडाचं घर हा तुमच्या वस्तीचा उभा पुरावा आहे, आणि त्यातली कारवी, वासे, गवत हा निस्ताराचा पुरावा आहे. तो आपल्याच हाताने मोडून चुलीत घालू नका. मोडणं भागच असेल तर आधी वनहक्क समितीला बोलवा. समितीने घर पाहून लिहावं: मेढी कोणत्या झाडाच्या, कारवी कोणत्या डोंगरावरची, गवत कुठल्या माळावरचं, घर कोणाच्या आज्याच्या वेळचं. फोटो निघाला तर काढा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, मात्र तो दावेदाराशिवाय दुसऱ्याचा हवा आणि लिहून घेतलेला हवा. एकच पुरावा पुरत नाही, एकापेक्षा जास्त लागतात, म्हणून घराचा पंचनामा आणि जबाब दोन्ही जोडा. जुनी विहीर, झरा, गुरांची पाण्याची जागा यांचंही असंच लिहून घ्या.

पाऊस पडला की माणसं आवणात अडकतील, समितीची बैठक भरणार नाही. म्हणून हे काम याच महिन्यात, सकाळी सात ते दहा या वेळात करावं. भट्टीवरून परतलेली माणसं आता पाड्यावर आहेत. वही आणि बॉलपेन संघटनेकडून मिळेल.