करारनामा कुणी वाचलाय?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका व्याख्यानमालेला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, वक्त्याचंही नाही. तसे वक्ते आता तालुक्यागणिक झालेत, एकट्यालाच कशाला धरायचं? पत्रिकेवर त्यांच्या नावाखाली छापलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय सुरक्षा व लष्करी युतींचे गाढे अभ्यासक’. विषय होता १७ सप्टेंबर २०२५ ला रियाधमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्ताननं केलेला संरक्षण करार.

वक्ते दीड तास बोलले. ‘इस्लामिक नाटो’ हा शब्द किती वेळा आला ते मी थोडा वेळ मोजत होतो, मग सोडून दिलं. करारात काय आहे, हे एका वाक्यात संपलं. उरलेला वेळ ‘ते सगळे एक होतायत, आपण कधी होणार’ यावर गेला. त्यातल्या ‘ते’ या शब्दाला दोन-तीन माना वळून माझ्याकडं बघून पुन्हा सरळ झाल्या. वाईट हेतूनं नव्हे. कीर्तनात वारीचा उल्लेख आला की गावच्या माळकऱ्याकडं बघतात ना, तसंच.

चहाच्या वेळी एक जुना विद्यार्थी जवळ आला. चांगला पोरगा, आता ट्रॅक्टरचं वर्कशॉप चालवतो. म्हणाला, “सर, खरं सांगा, तुमच्यात काय बोलत्यात ह्यावर?”

मी तीस वर्षं इतिहास शिकवला. रियाधला मी कधी गेलो नाही, इस्लामाबादला जायचा प्रश्नच नाही. त्या करारावर माझ्याइतकाच त्याचाही हात होता. तरी तज्ज्ञ स्टेजवर आणि उत्तरदायी मी, अशी वाटणी दीड तासात आपोआप होऊन गेली. या वाटणीबद्दलच मला लिहायचं आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी पोत्यावरचं नाव वाचून बोली लावत नाही. हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, मग बोलतो. ज्या जिल्ह्यात हळदीला एवढी पारख, तिथं युद्ध आणि तह या विषयाला मात्र पोतं बघून भाव मिळतो. पोत्यावर चांद-तारा दिसला की झालं, आत काय आहे ते कोण मोडून बघतो?

त्या कराराचंच बघू. जाहीर झालं ते संयुक्त निवेदन, पूर्ण मसुदा नाही. निवेदनात म्हटलंय की एकावरचं आक्रमण हे दोघांवरचं आक्रमण मानलं जाईल. ठीक. पण ‘मानलं जाईल’ म्हणजे पुढं करायचं काय? फौज पाठवायची, तेल द्यायचं, की निषेधाचं पत्रक काढायचं? खरा अभ्यासक इथून सुरुवात करील. ज्या नाटोचं नाव घेऊन घाबरवलं जातं, तिच्या पाचव्या कलमातसुद्धा प्रत्येक सदस्यानं त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई करावी, अशीच मोकळीक आहे. ते कलम आजवर एकदाच लागू झालं, २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. आणि ग्रीस व तुर्कस्तान हे दोघं १९५२ मध्ये एकत्रच नाटोत आले, तरी १९७४ मध्ये सायप्रसवरून एकमेकांच्या नरडीवर बसायच्या बेतात होते.

सौदी-पाकिस्तानचा मागचा व्यवहारही बघायला नको का? २०१५ मध्ये सौदीनं येमेनच्या युद्धासाठी पाकिस्तानकडं मदत मागितली होती. पाकिस्तानच्या संसदेनं १० एप्रिलला ठराव केला की आम्ही तटस्थ राहू. कलमा तोच, किबला तोच, पैसाही सौदीचाच, तरी नाही म्हणाले. आणखी पुढं जा. अझरबैजानमध्ये शिया मुसलमानांची बहुसंख्या, पण शिया इराणचा ओढा ख्रिश्चन आर्मेनियाकडं, आणि अझरबैजानला शस्त्रं विकतो तो इस्राएल. आर्मेनियाला पिनाका रॉकेटं कुणी विकली? आपण. हे कोष्टक धर्माच्या रकान्यात बसवून दाखवा, मी त्या वक्त्यांचा जाहीर सत्कार करतो.

पण इतकं लांब जायची गरजच नव्हती. व्याख्यान ज्या मातीत चाललं होतं ती मातीच या विषयाची जुनी पाठशाळा आहे.

तासगावला गणपतीच्या देवळाचं सात मजली गोपूर आहे. महाराष्ट्रात असं गोपूर कुठलं, म्हणून परगावची माणसं थबकतात. ते बांधलं परशुरामभाऊ पटवर्धनांनी, कर्नाटकातल्या स्वाऱ्यांत तिकडची देवळं पाहून, असं सांगतात. त्यातली एक मोठी स्वारी लष्करी युतीची होती. १ जून १७९० ला पुण्यात पेशवे आणि इंग्रज यांच्यात तह झाला, पुढच्याच महिन्यात निजामाचाही झाला. तिघं मिळून टिपूवर. म्हणजे चित्पावन पेशवा, मुसलमान निजाम आणि ख्रिश्चन कंपनी एका बाजूला, म्हैसूरचा मुसलमान सुलतान दुसऱ्या बाजूला. भाऊ धारवाडला सहा महिन्यांहून जास्त वेढा घालून बसले होते, सोबत कंपनीच्या कॅप्टन लिटलची तुकडी. १७९१ मध्ये याच फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि मठाच्या मदतीला धावला तो टिपू. त्याची स्वामींना लिहिलेली पत्रं १९१६ मध्ये मठात सापडली. हे सांगितलं की आमच्यातल्या काहींना टिपूची आरती करावीशी वाटते. करू नका. कूर्गात आणि मलबारात त्यानं काय केलं तेही कागदावर आहे. राजा होता, राज्य राखत होता.

१७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचा निम्मा मुलूख गेला, तिघांनी वाटून घेतला. आणि १७९५ च्या मार्चमध्ये? त्याच युतीतले पेशवे आणि निजाम खर्ड्याला समोरासमोर उभे ठाकले. मराठ्यांचे सेनापती परशुरामभाऊच. निजामाला आशा होती की दोस्त इंग्रज येईल. गव्हर्नर जनरल जॉन शोअर आला नाही. त्यानं ठरवलं की कंपनीनं यात पडायचं नाही. युतीची किंमत निजामाला त्या दिवशी कळली, आणि आपल्या वक्त्यांना अजून कळायची आहे.

शेवट बघा. १७९९ मध्ये टिपू मेला तेव्हा श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात इंग्रजांसोबत निजामाची फौज होती. त्याच वर्षी परशुरामभाऊ पट्टणकुडीला पडले, समोर कोल्हापूरकर छत्रपतींची फौज. मुसलमानाला मारायला मुसलमान, मराठी सरदाराला मारायला मराठी राजा. ‘ते सगळे एक’ आणि ‘आपण सगळे एक’, ही दोन्ही वाक्यं त्या एका सालात निकालात निघतात.

मग साताऱ्याचं घ्या. मोठ्याशी केलेला संरक्षणाचा करार लहानाला कुठं नेतो, याचा याहून चांगला धडा जगात शोधून सापडणार नाही. पेशवाई बुडवल्यावर २५ सप्टेंबर १८१९ ला कंपनीनं प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य दिलं, रक्षणाची हमी दिली, रेसिडेन्सीत ग्रँट डफ बसला. बदल्यात एक कलम होतं, परक्या सत्तांशी परस्पर व्यवहार करायचा नाही. वीस वर्षांनी तेच कलम गळ्याशी आलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं आणि कंपनीचे शिपाई फितवले असे आरोप ठेवून १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत केलं, काशीला धाडलं. रंगो बापूजी गुप्ते हा एकनिष्ठ माणूस लंडनमध्ये चौदा वर्षं दाद मागत राहिला. महाराज १८४७ ला काशीतच वारले. मागाहून गादीवर बसवलेले शहाजी १८४८ मध्ये वारले आणि डलहौसीनं दत्तक नाकारून राज्यच खालसा केलं. एकोणतीस वर्षांत करार केलेला पक्ष नकाशावरून गेला. सौदीला पाकिस्तान काय देणार आणि पाकिस्तानला सौदी काय मागणार, हे तपासायला ही एवढी फूटपट्टी घरात असताना वक्ते मोबाइलवरचे नकाशे दाखवत होते.

साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव ‘मिलिटरी’ हे आडनाव लावतं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान गेले. त्या युद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन इराकमध्ये कूतला अडकली, तिच्यात मराठा पलटणी होत्या, पंजाबी मुसलमानही होते. वेढा घालणारी फौज होती खलिफाची, म्हणजे तुर्कांची. आणि मक्केच्या शरीफानं १९१६ मध्ये बंड पुकारलं ते याच खलिफाविरुद्ध, इंग्रजांचा पैसा घेऊन. उम्मतच्या एकजुटीवर ज्यांचा भरवसा आहे, ते हिंदू असोत की मुसलमान, त्यांनी एकदा अपशिंग्याच्या स्मारकापुढं उभं राहावं.

मुसलमान म्हटलं ते मुद्दाम. कराराची बातमी आली त्या रात्री आमच्या काही पोरांनी हिरवे झेंडे आणि तलवारी असलेली स्टेटसं ठेवली. अरे बाबांनो, २०१६ मध्ये सौदीच्या राजानं आपला मोठा किताब दिला तो नरेंद्र मोदींना. तुमचे मामा-चुलते तिकडं ड्रायव्हर, प्लंबर म्हणून राबून आले. कफीलानं पासपोर्ट काढून घेतला तेव्हा त्यानं कलमा विचारला होता का? त्या पोरांचं स्टेटस आणि त्या वक्त्यांचं भाषण यात मला फरक दिसत नाही. दोघांनीही हळकुंड मोडलेलं नाही.

अभ्यासकांवर माझा राग नाही, उलट अभ्यासकच हवेत. पुणे विद्यापीठात आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि संरक्षण विश्लेषणाचं केंद्र आहे, त्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव आहे. देवराष्ट्रे त्यांचं जन्मगाव, तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगलीत. चीनच्या युद्धात नामुष्की झाली तेव्हा, नोव्हेंबर १९६२ मध्ये, त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. १९६५ चं युद्ध त्यांच्या कारकिर्दीतलं. त्या वेळी पाकिस्तान एका नव्हे, दोन लष्करी करारांत होता, सीटो आणि सेंटो. इराण, तुर्कस्तान, इंडोनेशियानं पाकिस्तानची बाजू घेतली, हे लपवायचं कारण नाही. पण लढायला कुणी आलं नाही, आणि ज्या अमेरिकेच्या भरवशावर करार केले तिनं दोघांचीही शस्त्रं थांबवली. अशा वेळी मंत्र्याला कुणाचा धर्म काय हे कळून भागत नाही. कोण किती विमानं देईल, किती दिवसांत देईल आणि कशाच्या बदल्यात देईल, हे कळावं लागतं. विद्यापीठातला अभ्यास असतो तो यासाठी.

इथं मी १९६५ च्या एका मुसलमान हवालदाराचं नाव घ्यावं अशी वाचकाची अपेक्षा असेल. घेणार नाही. त्यानं रणगाडे फोडले ते देशासाठी, माझ्या चारित्र्याच्या दाखल्यासाठी नव्हे.

आता मुख्य दुखणं. सुरक्षा हा शब्द आला की बोट रियाधकडं जातं. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आमच्याच सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुराचं निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला. नमाजाला आलेल्या एका तरुणाचा जीव गेला, दुकानं जळाली, जिल्ह्याचं इंटरनेट बंद करावं लागलं. पाकिस्तान नाही, सौदी नाही. गावातलीच पोरं, गावातलेच मोबाइल. त्यानंतरच्या किती व्याख्यानमालांत ‘पुसेसावळी’ हा विषय लागला? एका अफवेनं गाव पेटतं तेव्हा पहिल्या तासात तलाठी, पोलीस पाटील आणि सरपंचानं काय करायचं, हे सांगणारा तज्ज्ञ मला कुठल्या पत्रिकेवर दिसलेला नाही. आणि दीड तास ‘ते सगळे एक होतायत’ ऐकून घरी गेलेला माणूस रात्री फॉरवर्ड आलेला व्हिडिओ कोणत्या डोळ्यांनी बघतो, याची जबाबदारी मानधनाच्या पाकिटात धरलेली नसते.

त्या संध्याकाळी प्रश्नोत्तरं होती. मी हात वर केला नाही. करारातलं कलम वक्त्यांनी वाचलंय का, एवढंच विचारायचं होतं. पण त्या सभागृहात माझ्या तोंडून आलेला प्रश्न कुणी प्रश्न म्हणून ऐकला नसता, पाकिस्तानची वकिली म्हणून ऐकला असता. तीस वर्षं पोरांना ‘शंका असेल तर हात वर करा’ म्हणत आलो, आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसलो. याचा राग वक्त्यांपेक्षा माझ्यावरच जास्त आहे.

विद्यार्थ्याला उत्तर दिलं ते दोन दिवसांनी, त्याच्या वर्कशॉपवर जाऊन. खर्ड्याची सगळी गोष्ट सांगितली. तो नट आवळत ऐकत होता. मधेच म्हणाला, “मग निजाम आणि पेशवा आधी एकाच पार्टीत हुते व्हय?” म्हटलं, हो, तीन वर्षांपूर्वीपर्यंत. “आपल्या झेडपीसारखंच की, सर!” दीड तासाच्या व्याख्यानात एवढं नेमकं वाक्य आलं नव्हतं.

यंदा व्याख्यानमालेची पोरं वर्गणीला आली. म्हटलं, देतो, पण एक विषय माझा लावा, ‘१८१९ चा सातारचा तह’. वक्ता मी शोधतो, पुण्याचा, मानधन मी देतो. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. एकजण म्हणाला, “सर, त्याला माणसं येत नाहीत.”

पाचशेची पावती फाडली त्यांनी. विषयाचं कमिटीत विचारून सांगतो म्हणालेत.