गिअरच्या तेलाचा काटा तांडेलासमोर हवा



१ जूनपासून बंदी लागली. ट्रॉलर जेटीला आहेत. कुणी तळ खरवडतोय, कुणी रंग काढलाय, कुणी जाळी दुरुस्तीला घेतलीत. ६१ दिवस हातात आहेत, म्हणून आज एका छोट्या कामाबद्दल लिहितो. काम छोटं आहे, पण ते न केल्यामुळे माझं मोठं नुकसान झालं.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट नुकताच सुरू झालेला, मासळी चांगली लागत होती. जाळं ओढता ओढता आमच्या बोटीचा वेग पडला. इंजिनाचा आवाज चढला, पण पंखा ओढेना. तांडेलाने समोर पाहिलं, तर इंजिनाचं टेंपरेचर ठीक, ऑईल प्रेशर ठीक. खलाशी खाली उतरला तेव्हा जळक्या तेलाचा वास येत होता आणि गिअरबॉक्सला हात लाववत नव्हता. शेजारच्या बोटीने दोर दिला, ओढत आणलं. आग्वादच्या बारवर लाटा उठत होत्या. तिथे दोर तुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

गिअर उघडला तर क्लच प्लेटा काळ्या पडलेल्या. आमच्या बोटीत गिअरच्या ऑईल कुलरला समुद्राच्या पाण्याचा वेगळा फाटा आहे. त्या कुलरच्या नळ्यांत शिंपल्यांचा चुरा आणि प्लास्टिक अडकलं होतं. इंजिनाला पाणी मिळत होतं, गिअरच्या तेलाला नव्हतं. हंगामाचे सगळ्यात चांगले दिवस बोट जेटीला राहिली. घरी सोसायटीचा हप्ता, बर्फवाल्याची उधारी, खलाशांचा पगार, सगळं अंगावर आलं.

आणि खरं सांगतो, मी आधी तांडेलावरच चिडलो. "तुला कळलं कसं नाही?" तो एवढंच म्हणाला, "दादा, कळायला समोर काटा कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

आपली मासळी घेऊन चोर्ला घाट चढणारा टेंपोवालासुद्धा काट्यावर नजर ठेवून असतो. काटा चढला की गाडी बाजूला घेतो, थंड होऊ देतो, मग पुढे जातो. आपल्याला भर समुद्रात गाडी बाजूला घेता येत नाही, तरी बऱ्याच बोटींत फक्त इंजिनाचे काटे असतात. गिअरच्या तेलाचा नसतो.

हायड्रॉलिक गिअरमध्ये तेल फक्त वंगण नसतं. तेलाच्या प्रेशरवरच क्लच प्लेटा घट्ट धरल्या जातात. तेल तापलं की पातळ होतं. पातळ झालं की प्रेशर पडू लागतं आणि प्लेटा घसरू लागतात. घसरल्या की आणखी उष्णता. एकदा हे चक्र सुरू झालं की तासाभराचं काम काही मिनिटांत होतं. शिवाय ढोबळ हिशेब असा की तेल खूप तापू लागलं की वरच्या दर १० अंशांना त्याचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. म्हणजे बोट बंद पडली नाही, तरी रोज थोडं नुकसान चालूच असतं.

काही जुने मालक म्हणतात, "आमच्या वडिलांनी हात लावून बोटी चालवल्या." मान्य. पण तेव्हा इंजिनं लहान होती, ओढ कमी होती. आणि साधारण ६० अंशांच्या वर हात टिकतच नाही. ७० आहे की १००, हे हात सांगू शकत नाही. फरक तर तिथेच आहे.

काटा बसवताना आम्ही काय शिकलो, ते सांगतो:

१. सेन्सर गिअरमधून कुलरकडे जाणाऱ्या तेलाच्या लाईनवर टी लावून बसवा. तिथे तेल सगळ्यात गरम असतं. कुलरनंतर बसवला तर थंड झालेलं तेल दिसेल आणि मन उगाच निर्धास्त राहील. गिअरच्या बॉडीला नवीन भोक पाडू नका.

२. सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे घ्या. वेगवेगळ्या जोडीचे लावले तर काटा हलेल, पण आकडा खोटा दाखवेल. बॅटरी १२ व्होल्टची की २४ ची, तेही आधी पाहा.

३. एका वायरच्या सेन्सरला अर्थ आट्यांतूनच मिळतो. आट्यांवर टेप भरमसाट गुंडाळला तर काटा चुकतो.

४. खाऱ्या हवेत साधी वायर हिरवी पडते. कलई केलेली वायर वापरा, जोड नीट बंद करा.

५. बसवण्याआधी सेन्सर उकळत्या पाण्यात धरून पाहा. काटा १०० च्या आसपास आला पाहिजे.

६. तुमच्या गिअरच्या पुस्तकात तेलाची कमाल मर्यादा दिलेली असते. त्या आकड्यावर काचेवर लाल रेघ ओढा. आपले बरेच खलाशी दुसऱ्या राज्यांतून येतात. त्यांना मराठी वाचता येईलच असं नाही, पण लाल रेघ सगळ्यांना कळते. जमलं तर बझरही लावा, कारण जाळं ओढताना काट्याकडे कोण बघतंय?

बंदीत कुलर उघडून नळ्या साफ करा, झिंक बदला, पंपाचा इम्पेलर पाहा. गिअरचं तेल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. मग आधी कुलर तपासा.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळंच आहे. काटा बसवणं सोपं आहे, काट्याचं ऐकणं कठीण. जाळ्यात मासळी आहे, शेजारची बोट ओढतेय, मालकाचा फोन येतोय, आणि काटा लाल रेघेकडे चाललाय. तेव्हा वेग कमी करायचा की नाही, हे तांडेलाने ठरवायचं. पण तो ठरवतो मालकाच्या भीतीने. त्याचा टक्का मासळीवर असतो, गिअरच्या तब्येतीवर नसतो. म्हणून बोट सुटण्याआधी मालकाने सगळ्या खलाशांसमोर स्वच्छ सांगावं: "काटा रेघेला लागला तर ओढणं थांबवा. जाळं वर घ्या. त्या दिवशी मासळी कमी आली तर मी विचारणार नाही." हे शब्द तोंडातून निघाले नाहीत, तर मीटर नुसती शोभा आहे.

सोसायटीलाही विनंती आहे. वीस-पंचवीस बोटींसाठी एकत्र मागवले तर भाव पडेल आणि एकाच मेकॅनिककडून नीट बसवून घेता येतील. एका मीटरचा खर्च आपल्या एका फेरीच्या डिझेलपेक्षा कितीतरी कमी आहे. माझा गिअर दुरुस्त करताना किती गेले, ते इथे लिहीत नाही, घरच्यांनाही अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

यंदा १ ऑगस्टला बोट सुटेल तेव्हा काटा समोर असेल. आणि मी तांडेलाला काय सांगितलंय, ते वर लिहिलंच आहे. आता सगळ्यांसमोर लिहिलं म्हटल्यावर मलाही पाळावं लागेल.

दर्या सगळ्यांना सुखरूप घरी आणो.