मळी बाहेर काढायलाच हवी

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर ज्याने तासभर काढला असेल, त्याने काहिलीतला रस उकळताना पाहिला आहे. रसात रानभेंडीचं चिकट पाणी पडतं, काळपट-हिरवी मळी वर येते आणि गुळव्या ती भराभर काढून बाहेर टाकतो. मळी आतच राहिली तर गूळ काळा पडतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत प्रोटीन स्किमर हेच काम करतो. फरक इतकाच, की तिथे आच नसते, हवेचे बारीक बुडबुडे असतात.

हा स्किमर लागतोच का, यावर टाकी ठेवणाऱ्यांत कायमचे दोन तट आहेत. एका तटाच्या मते तो नसेल तर टाकी चालणारच नाही, आणि जितका महाग तितका चांगला. दुसरा तट म्हणतो, हा दुकानदारांनी माथी मारलेला खर्च आहे. दगड, वाळू, जिवाणू आणि दर आठवड्याला बदललेलं पाणी एवढं पुरतं. माझं म्हणणं असं आहे की घरातल्या मध्यम किंवा मोठ्या टाकीत मासे असतील आणि त्यांना रोज खायला घातलं जात असेल, तर स्किमर हवाच. पण पहिला तट जी कारणं देतो, त्या कारणांसाठी नव्हे.

दुकानात हमखास सांगतात की स्किमर अमोनिया आणि नायट्रेट काढतो. हे खरं नाही. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ अशा रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाणी टाळतं. बुडबुडा भेटला की पाणी टाळणारं टोक हवेकडे वळतं, रेणू बुडबुड्याला चिकटतो आणि फेसाबरोबर नळीतून वर चढून कपात पडतो. अमोनिया आणि नायट्रेट पाण्यात पुरते विरघळलेले असतात, ते बुडबुड्याला धरत नाहीत. म्हणजे नायट्रेट एकदा तयार झालं की स्किमरच्या हातात काही उरत नाही. त्याची सगळी किंमत त्याआधीच्या घडीला आहे.

महागाचा मुद्दाही टिकत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी 2009 साली वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर मोजून पाहिले. त्यांच्या कामगिरीत डोळ्यांत भरावा असा फरक त्यांना आढळला नाही. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी जेमतेम 20 ते 35 टक्केच भाग स्किमर काढू शकतो, हेही त्याच कामातून पुढे आलं. तेव्हा टाकीच्या मापाचा, साधा, नीट धुता येणारा स्किमर घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या मिठावर आणि आरओच्या पाण्यावर घालावेत.

हाच 35 टक्क्यांचा आकडा दुसरा तट माझ्या अंगावर फेकतो: दोन तृतीयांश घाण पाण्यातच राहते, मग एवढा खटाटोप कशाला? आकडा मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. टाकीतला बाकीचा बंदोबस्त काय करतो ते पाहा. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. प्रत्येक पायरीवर रूप बदलतं, पण वस्तू टाकीतच राहते, आणि प्रत्येक पायरीवर पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. फिल्टरच्या स्पंजात अडकलेला कचराही पाण्यातच कुजत असतो. कुजण्याच्या आधी घाण पाण्याबाहेर नेणारं, रात्रंदिवस चालणारं साधन स्किमरच आहे. तिसरा हिस्सा कुजायच्या आत निघून जात असेल, तर तो मला थोडा वाटत नाही.

पाणी बदलून भागतं म्हणणाऱ्यांनी एकदा कागदावर हिशोब मांडावा. दर आठवड्याला 20 टक्के पाणी बदललं, तर साचलेल्या घाणीतलीही 20 टक्केच बाहेर जाते. दुसरी कुठलीच वाट नसेल तर साठा वाढत वाढत आठवड्याच्या घाणीच्या पाचपटीवर जाऊन स्थिरावतो. 400 लिटरच्या टाकीत या 20 टक्क्यांसाठी दर आठवड्याला 80 लिटर आरओचं पाणी आणि पावणेतीन-तीन किलो मीठ लागतं. हे वर्षानुवर्षं न चुकता करणारी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एक लग्नसराई, एक आजारपण, एक पाणीकपात आली की तो नेम मोडतो, आणि माशांना खायला घालण्याचा नेम मात्र मोडत नाही.

मग दाखला येतो ली चिन एंग यांचा. जकार्तातल्या या गृहस्थांनी 1961 साली आपली ‘निसर्गपद्धत’ मांडली. जिवंत खडक, सूर्यप्रकाश, हवेचे बुडबुडे, बस्स, स्किमर नाही. दाखला अस्सल आहे, आणि प्रवाळ घरात जगू शकतात हे जगाला पटवणाऱ्यांत त्यांचा मान मोठा आहे. पण त्यांच्या हाताशी जावाचा समुद्र होता. तिथलं पाणी आणि तिथला जीवांनी भरलेला खडक त्यांना मिळत होता. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे आणायचं कुठून? आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. खडक फोडून आणणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी टाकीत घालण्याजोगं नाही. आपली टाकी कोरड्या दगडावर उभी राहते आणि त्या दगडात जिवाणू स्थिरावायला महिने जातात. स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी स्किमरऐवजी शेवाळाच्या जाळ्या वापरल्या, हेही सांगितलं जातं. पण त्या जाळ्यांवर प्रखर दिवे लागतात आणि वाढलेलं शेवाळ नियमाने खरवडून टाकावं लागतं. म्हणजे एडीही टाकीतून काहीतरी बाहेरच काढत होते. त्यांची वाट वेगळी होती, तत्त्व तेच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितो आहे ती सांगतो. माझी पहिली टाकी तीन फुटी होती, स्किमरविना. दुकानदाराने गरज नाही म्हटलं आणि मला ते सोयीचं वाटलं. सात-आठ महिने काच लख्ख होती. मग मे महिन्यातल्या एका रात्री दगडामागे एक मोठी गोगलगाय मेली असावी. मला ती दुसऱ्या दिवशी सापडली. पहाटे पाच वाजता पाणी पिण्यासाठी उठलो तर टाकीत तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी, आणि सगळे मासे वरच्या रेषेला तोंडं लावून उभे. कल्ले इतके जोरात हलत होते की आतली लाली दिसत होती. मी स्टुलावर चढलो आणि तांब्या भरभरून टाकीतलंच पाणी वरून धार धरून आत ओतत राहिलो. चांगलं उजाडेपर्यंत. दोन क्लाउनफिश वाचले. सेलफिन टँग माझ्या डोळ्यांदेखत आडवा झाला.

त्याला अमोनियापेक्षा प्राणवायूच्या तुटवड्याने मारलं, असं मला आजही वाटतं. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.7 च्या आसपास. पाणी 30 अंशांवर गेलं की सव्वासहाच्याही किंचित खाली. आपल्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीची शिल्लक मुळातच इतकी कमी असते. त्यात रात्री शेवाळसुद्धा प्राणवायू घेतं, आणि कुजणारं काही असेल तर जिवाणू उरलासुरला ओढून नेतात.

स्किमर या दोन्ही बाजूंनी मदत करतो. कुजण्यासारखं पाण्यात कमी ठेवतो, आणि तासन् तास पाण्यात बारीक हवा घुसळत राहतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे गोड्या पाण्यासारखे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, साबुदाण्याहून बारीक राहतात; म्हणून हवेला आणि पाण्याला एकमेकांशी भिडायला जागा प्रचंड मिळते. एसीसाठी खिडक्या बंद असलेल्या घरात माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच घसरतो. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडली की तो पुन्हा वर येताना मी मीटरवर पाहिला आहे. स्किमरच्या बाजूचा हा मुद्दा सर्वांत भक्कम आहे, आणि विकणारेच तो सर्वांत कमी मांडतात.

स्किमरमुळे सूक्ष्म जीवही फेसात जातात, ही तक्रार खरी आहे. वीज गेली की तो बंद पडतो हेही खरं. त्यासाठी बॅटरीवरचा एअरपंप जवळ ठेवावाच लागतो. नवा स्किमर पहिला आठवडाभर नुसते बुडबुडे टाकीत सोडतो, तेवढा धीरही धरावा लागतो. यातल्या एकाही कारणाने तो नको ठरत नाही.

माझ्या कपात चार दिवसांत पेलाभर पाणी जमतं, कोऱ्या चहासारखं. झाकण काढलं की भरती ओसरल्यावरच्या खाजणातल्या चिखलाचा वास येतो. कपाच्या गळ्याला आतून तपकिरी साय धरते, ती बोट फिरवून काढावी लागते. नाहीतर फेस चढत नाही. हे सगळं काल माशांभोवतीच्या पाण्यात होतं. पावसाळ्यात दापोलीच्या किनाऱ्यावर मळकट फेसाचे पुंजके वाऱ्याने वाळूवर सरकताना दिसतात. समुद्रही घुसळून घुसळून आपल्यातलं असंच काही काठावर टाकत असतो. काचेच्या टाकीला काठ नाही.

माझा एक मित्र साठ लिटरच्या टाकीत दोन क्लाउनफिश ठेवतो आणि दर रविवारी बारा लिटरची बादली बदलतो. त्याला मी स्किमर घे असं कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. तेवढ्या पाण्याला, तेवढ्या माशांना त्याची बादली पुरते. परवा मात्र त्याने चार फुटी टाकीचं माप काढलं आणि खालच्या कपाटाची उंची किती ठेवू असं विचारलं. मी म्हटलं, स्किमरच्या उंचीवर आणखी वीतभर सोड, म्हणजे कप न सांडता वर उचलता येईल.