डांबरावरचा भाजीमळा

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील रेड हुक या बंदरालगतच्या वस्तीत एक डांबरी मैदान ओस पडले होते. या शतकाच्या सुरुवातीला ‘अ‍ॅडेड व्हॅल्यू’ संस्थेने ते हाती घेतले. डांबरावरच कंपोस्ट खताचा थर पसरून वाफे केले.

शेजारच्या सरकारी वसाहतीतील तरुण मुले इथे पगारावर राबतात; पेरणी, काढणी आणि विक्रीतही ती सहभागी होतात.

२०१२च्या सँडी वादळात मळ्यात खारे पाणी शिरले, पीक गेले. मळा पुन्हा उभा राहिला.

आपल्याकडे असे मळे उभारायचे तर केवळ श्रमदानाची हाक देऊन भागणार नाही. तरुणांच्या घामाला दाम हवा, जागेची शाश्वती हवी. आपल्या महापालिकांनी काही पडीक भूखंड स्थानिक युवकगटांना दीर्घ मुदतीने, पाण्याच्या जोडणीसह द्यावेत.